सूपभर कोंडा

सोजराबाईची पहिली चार लेकरं अंगणात रांगायच्या आधीच गेली. पाचवं झालं तेव्हा तिनं त्याचं तोंडही पाहिलं नाही. सुईणीनं नाळ कापली, पोर जुनेऱ्यात गुंडाळलं, आणि सोजराबाईनं भिंतीकडे तोंड करून सांगितलं, याले उकिरड्यावर टाका.

तसं ठरलेलंच होतं. जिची पोरं जगत नाहीत तिनं काय करायचं, हे डोणगावच्या त्या आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. पोर शेणाच्या ढिगावर ठेवायचं, राखेत लोळवायचं आणि जिची सगळी पोरं जगली आहेत अशा बाईला विकून टाकायचं. न्यायला येणारा दारात आला तरी त्याला वाटावं, हा केर आहे. आणि केर नसला तरी या बाईचा नाही. शेजारच्या रुखमाबाईची सगळी पोरं धडधाकट होती. ती सकाळी सूप घेऊन आली. सुपात ज्वारीचा कोंडा होता. कोंडा सोजराबाईच्या उंबऱ्यावर ओतला आणि रिकाम्या सुपात पोर घालून ती आपल्या घरी गेली. नाव ठेवायचा प्रश्नच नव्हता. उकिरड्यावरचा म्हणून उकंडा.

पुढे रुखमाबाई हे सांगताना फार हसायची. तो कोंडा तुह्या मायनं म्हशीले घातला, ती म्हणायची, अन् त्या म्हशीचं दूध तू प्याला. म्हंजे तुह्या दुधाचे पैसेबी माह्याच घरचे.

सौदा रुखमाबाईनं चोख पाळला. पोर झोपायचं सोजराबाईच्याच घरात, तिच्याच अंगावर प्यायचं; पण लाड करायचे ते रुखमाबाईनं, दृष्ट काढायची ती रुखमाबाईनं. सोजराबाईनं त्याला चांगलं म्हणायचं नाही, चारचौघांत जवळ घ्यायचं नाही, त्याच्यापायी डोळ्यांतून पाणी काढायचं नाही. इतर बाया हे दोन-चार वर्षं पाळत, आणि पोर पायांवर उभं राहिलं की हळूहळू सोडून देत. सोजराबाईनं सोडलं नाही. चार वेळा फसलेली बाई होती ती.

मळ्यात विहीर होती, मोट होती, वांगी-मिरचीचे वाफे होते. बाप वामनराव दिवसभर बैलांमागे असायचा, बोलायचा कमी. एकदा उकंडा मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यावरून घसरला आणि दगडावर कपाळ फुटलं. तो रक्तानं भरलेल्या तोंडानं धावत मायकडे गेला. ती वाफ्यात मिरचीची रोपं लावत होती. तिनं एकदा वर पाहिलं, आणि पाठ फिरवली. पाठ फिरवूनच कुंपणापलीकडे ओरडली, "रुखमे, तुह्यं पोर पडलं व."

रुखमाबाई हळद घेऊन धावत येईपर्यंत उकंडा त्या पाठीकडे बघत उभा होता. घामानं चिकटलेलं लुगडं, वाकलेली मान, न थांबता चाललेला हात. तो रडायचा थांबला. रडणं कुणाकडे तरी जायचं असतं. ते त्या पाठीवर आपटून परत येत होतं. संध्याकाळी वामनरावाला तो वाफा उपटून पुन्हा लावावा लागला. सगळी रोपं उलटीसुलटी खोचलेली होती, काहींची मुळं वर.

ताटात त्याच्या वाट्याला करपलेली भाकर यायची. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर माय ती काळी भाकर त्याच्या पुढ्यात आपटायची, आणि म्हणायची, खाय, उकिरड्या. त्या काळ्या भाकरीच्या खाली दुसरी असायची, पांढरी, पातळ, पापुद्रा सुटलेली. उकंडाला हे सगळं कळत होतं. आपलं नाव काय म्हणून पडलं हे गावातलं कुत्रंसुद्धा जाणत होतं, मग त्याला का कळू नये? पण कळण्यानं पोट भरत नाही. खालची भाकर खाऊनही तो उपाशी उठायचा, आणि कशाचा उपाशी हे त्याला सांगता आलं नसतं.

मिसरूड फुटायच्या वयात बाप गेला. एक-दोन वर्षांनी, महाराष्ट्राचं वेगळं राज्य झालं त्याच साली, बुलढाण्याला लष्कराची भरती आली. उकंडा गेला आणि घेतला गेला. पुण्याला निघाला त्या दिवशी रुखमाबाई त्याच्या गळ्यात पडून रडली. सोजराबाई म्हशीला पाणी पाजत होती. ती म्हशीला म्हणाली, "गेली एकडाव ब्याद."

पलटणीत नव्या पोरांना एकदा तरी दोरांच्या चौकात उतरवायची रीत होती. हातांत चामड्याचे मोजे चढवायचे, जोड्या लावायच्या आणि कोण किती टिकतो ते बघायचं. बॉक्सिंग म्हणजे काय हे उकंडाला ठाऊक नव्हतं. समोरच्या पोरानं त्याला दोन फेऱ्या नुसतं बडवलं. बाकीची पोरं मार लागला की डोळे मिटत, मान फिरवत, दात विचकत. उकंडाच्या तोंडावर काही हललं नाही. ठोसा बसायचा आणि तो पुन्हा समोर बघायचा, जणू कुणी रस्त्यात गावाचं नाव विचारलं आणि पुढे गेलं. तिसऱ्या फेरीत समोरच्याचे हात आपोआप खाली आले. मारूनही काही होत नाही, याचीच त्याला भीती वाटली.

सुभेदार किसनराव हे तिथले उस्ताद. नाक दोनदा मोडलेलं, आवाज घोगरा, माणूस शांत. त्यांनी उकंडाला बोलावून घेतलं आणि उभं राहायला शिकवलं, पाऊल टाकायला शिकवलं, हनुवटी छातीत लपवायला शिकवलं. तोंड ठेवायला मात्र शिकवावं लागलं नाही. किसनराव बाकीच्या पोरांना सांगत की ठोसा सगळ्यांनाच बसतो. बसल्यावर तुमचं तोंड काय बोलतं त्यावर पुढचा ठोसा ठरतो. आणि उकंडाकडे बोट दाखवत.

तीन वर्षांत तो आपल्या वजनाच्या गटात सगळ्या छावणीत पहिला आला. त्याच्यापेक्षा चपळ पोरं होती, लांब हातांची होती, लहानपणापासून खेळलेली होती. शेवटच्या लढतीत समोर असलेला पंजाबी तर सरळसरळ त्याच्यापेक्षा भारी होता. त्यानं पहिल्याच फेरीत उकंडाची बरगडी मोडली. मोडली हे फक्त उकंडाला कळलं. प्रत्येक श्वासाला आत काच फिरत होती, आणि तोंड तसंच, दुपारच्या विहिरीसारखं. पंजाबी त्या तोंडाकडे बघत राहिला. दुसऱ्या फेरीत त्यानं तीच जागा सोडून दुसरीकडे मारायला सुरुवात केली, कारण त्याला वाटलं तिथं काही लागतच नाही. तिसऱ्या फेरीत तो मनानं हरला होता. हात उचलून विजयी म्हणून नाव पुकारलं तेव्हा उकंडा चक्कर येऊन पडला.

दवाखान्यात किसनराव त्याच्या खाटेवर बसले. सगळी छावणी उकंडाचं मन दगडाचं आहे म्हणत होती. ते तसं म्हणाले नाहीत. त्यांनी घरचं विचारलं. उकंडानं सांगितलं: माय आहे, विकतची माय आहे, उकिरडा, कोंडा, सगळं. सांगताना तो हसत होता. किसनराव हसले नाहीत.

"तुझं मन घट्ट नाही," ते म्हणाले. "रिकामं आहे. मागून कुणी हाक मारत असताना जो पुढे बघतो, त्याचं मन घट्ट. तुला मागून कधी कुणी हाकच मारली नाही. म्हणून तू पुढे बघतोस."

उकंडानं विचारलं, मग यात वाईट काय आहे?

वाईट काही नाही, किसनराव म्हणाले. फक्त एक कर. कुठंही खेळ, आपल्या माणसांपुढे खेळू नकोस.

पुढच्या थंडीत देशाच्या संघासाठी निवड होणार होती. उकंडाचं नाव त्यात गेलं होतं. त्याच्या आधी, एप्रिलच्या अखेरीस, तो सुटीवर गावी आला. महाराष्ट्र दिनाला बुलढाण्याच्या मैदानावर जिल्ह्याचे खेळ होते. कुस्त्या, लेझीम, कबड्डी. आणि आपल्या जिल्ह्यातला एक जवान बॉक्सिंगमध्ये पहिला आला आहे हे कुणीतरी आयोजकांच्या कानावर घातलं. त्यांनी निरोप धाडला. शेगावकडचा दयाराम म्हणून रेल्वेतला एक जण चांगला खेळायचा, त्याच्याशी तीन फेऱ्यांची दाखवायची लढत. हार नाही, जीत नाही. लोकांनी फक्त बघायचं.

उकंडाला उस्तादांचं बोलणं आठवत नव्हतं असं नाही. पण दुसरंही काही होतं. त्यानं जे काही मिळवलं ते सोजराबाईनं कधी पाहिलं नव्हतं. पदक दाखवलं तर ती म्हणाली, पितळ हाय काय, भांड्याले कल्हई तरी होईल काय त्यानं. त्याला तिच्या तोंडून काही ऐकायचं होतं असं नाही. ती बोलणार नाही हे त्याला ठाऊक होतं. तिनं नुसतं बघावं एवढंच. पाठ न फिरवता एकदा बघावं.

त्यानं रुखमाबाईला सांगितलं, तू चाल, अन् तिले घेऊन ये. रुखमाबाईनं सोजराबाईला विचारलं. सोजराबाई म्हणाली, मले काय पाह्याचं हाय? तुह्यं पोर हाय, तू पाह्य. मग थोड्या वेळानं म्हणाली की बुलढाण्याची हवा थंड आहे म्हणतात, तेवढ्यासाठी येईन. दोघी एस. टी.त बसल्या. मेहकर, चिखली करत बुलढाण्याला पोचेपर्यंत रुखमाबाई खिडकीतून बघत होती आणि सोजराबाई मांडीवरच्या भाकरीच्या फडक्याची गाठ सोडत-बांधत होती.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर लढत लागली. मैदानात माणूस माणसाला चिकटून बसलेलं. बायकांना डाव्या अंगाला पुढची जागा दिली होती, दोरांच्या अगदी जवळ. सोजराबाईच्या गुडघ्यांपुढे दोर, पाठीला दुसऱ्या बायकांचे गुडघे. हलायला जागा नव्हती.

दयाराम मनानं चांगला होता. कपडे बदलताना त्यानं उकंडाला हळूच सांगितलं, भाऊ, आपल्याले कोणाचं घर पाडाचं नाही. पहिली फेरी तशीच गेली. पण डोणगावची, मेहकरची माणसं एस. टी. भरभरून आली होती, ती काय मोजे घासताना बघायला? मागून कुणी ओरडलं, काय बे, पोळा हाय काय, बैल धुऊन राह्यले? सगळं मैदान हसलं. दुसऱ्या फेरीत दोघांचे हात जड झाले. खेळणाऱ्याला हसणं सहन होत नाही. तिसऱ्या फेरीच्या सुरुवातीला दयारामचा एक ठोसा भुवईवर सरकला आणि कपाळाची जुनी जखम, मोटेच्या दगडाची, उकलली.

रक्त डोळ्यात, गालावर, हनुवटीवर उतरलं. उकंडाचं तोंड तसंच होतं. हे काही नव्हतं. भुवईचं रक्त दिसतं फार, दुखत नाही. त्यानं पाऊल मागे घेतलं, हात वर केले, समोर बघितलं.

सोजराबाईनं पाठ फिरवायचा प्रयत्न केला. ती अर्धवट उठली, वळायला गेली, पण मागे बायकांची भिंत होती. कुणी म्हणालं, बस की व म्हातारे. ती पुन्हा पुढे वळली. पुढे तेच रक्त होतं, तेच कपाळ, हातभर अंतरावर. आणि वाफा नव्हता, रोपं नव्हती, हाताला काही काम नव्हतं.

"माह्या राजा," ती ओरडली. "बस झालं रे, माह्या लेकरा."

आवाज फार मोठा नव्हता. मैदानातल्या निम्म्या लोकांना तो ऐकूही आला नसेल. उकंडाला ऐकू आला. बावीस वर्षं त्या आवाजानं त्याला केर म्हटलं होतं. त्याची मान डावीकडे वळली. हात खाली आले. दोरापाशी ती उभी होती, डोक्यावरचा पदर खांद्यावर पडलेला, दोन्ही हात दोरांतून आत घातलेले, आणि ती त्याच्याकडे बघत होती. सरळ, डोळ्यांत. तिचे डोळे कसे आहेत हे त्याला त्या दिवशी कळलं.

दयारामचा हात तोवर निघाला होता. तो उजव्या डोळ्यावर बसला.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या आतला पडदा सुटला आहे, आता उपाय नाही. दयाराम सुटी काढून एवढ्या लांब भेटायला आला. खाटेजवळ उभा राहून मोसंबी हातात फिरवत राहिला. हात सुटला होता भाऊ, तो म्हणाला, मंग मांगं नाही घेता आला. उकंडानं त्याला बसायला सांगितलं.

किसनराव शेवटी आले. त्यांनी एवढंच विचारलं, कुणी हाक मारली?

"मायनं."

उस्तादांनी मान हलवली. "मग वळायलाच हवं होतं," ते म्हणाले. जायला उठले, दारापर्यंत गेले आणि तिथून म्हणाले, "पण हात वर ठेवून वळायचं होतं रे."

उकंडा लष्करातून सुटून डोणगावला आला. पाटीत वांगी-मिरच्या घेऊन बाजारात बसू लागला, हिवरा आश्रमाच्या स्वयंपाकघरात भाजी पोचवू लागला. मंजुळाबाईशी लग्न झालं, दोन पोरी झाल्या. एका डोळ्यानं जगायची सवय होते. पाणी ओतताना पेल्याच्या बाहेर पडायचं ते वर्षभरात थांबलं. उजवीकडून कुणी अचानक आलं की तो दचकायचा, तेवढं राहिलं. गावातली पोरं कधी कधी म्हणायची, काका, शिकवा न आम्हाले ते ठोशाचं. तो शिकवायचा नाही.

हे सगळं त्यानं सोसलं. उकंडाला सोसता आलं नाही ते वेगळंच होतं. सोजराबाई त्याच्याशी बोलेनाशी झाली.

तिची खात्री झाली होती. आपण हजार माणसांत त्याला आपलं म्हटलं, आणि न्यायला येणाऱ्यानं ते ऐकलं. त्यानं एक डोळा नेला. आता त्याला घर माहीत झालं आहे, उरलेलं न्यायला तो येणार. म्हणून तिनं तोंडच बंद केलं. शिवी नाही, उकिरड्या नाही, काही नाही. शिवीतही आता ‘लेकरा’ शिरेल अशी तिला भीती वाटत असावी. काही सांगायचं झालं तर मंजुळाबाईला सांगायची, नाहीतर कुंपणावरून रुखमाबाईला. आणि घरात, मळ्यात कुठेही जायचं असलं तरी त्याच्या उजव्या बाजूनं जायची, जिथून त्याला दिसत नसे. तो वाफ्यात वाकलेला असला की मागून लुगड्याची सळसळ यायची. मान पूर्ण फिरवून बघेपर्यंत ती पुढे गेलेली असायची. दिसायची ती पाठ.

ताटात आता नीट भाकर येत होती. वरची पांढरी, खालचीही पांढरी, पाहुण्याला वाढावी तशी. एक दिवस त्यानं मंजुळाबाईला सांगितलं, एक भाकर करपव. तिला वाटलं थट्टा आहे. काऊन, दाताले व्यायाम पाह्यजे काय? ती म्हणाली. तो हसला, आणि जेवला.

रुखमाबाईनं एकदा मध्यस्थी करून पाहिली. कुंपणाशी सोजराबाईला गाठून म्हणाली, आता बोल त्याच्याशी, त्याचा जीव तुटून राह्यला. सोजराबाई म्हणाली, तुह्यं पोर हाय, तू बोल. आणि शेणाची पाटी उचलून गेली.

उकंडाला तिला एक गोष्ट सांगायची होती. तो ती मळ्यात एकटा असताना बोलून बघायचा, बैलांना ऐकवायचा. पण ती समोर उभी राहायची नाही, आणि पाठीला काही सांगायची त्याची सवय नव्हती. वर्षं गेली. धाकटी पोरगी शाळेत जाऊ लागली त्या हिवाळ्यात सोजराबाई अंथरुणाला लागली. आधी पाय गेले, मग अन्न.

शेवटच्या दिवशी सकाळी रुखमाबाईनं त्याला मळ्यातून बोलावून घेतलं. माजघरात खाटेवर सोजराबाई एवढीशी झाली होती. आता तिला त्याच्या उजवीकडे सरकता येत नव्हतं. तो डावा डोळा तिच्याकडे येईल असा बसला. रुखमाबाई पायथ्याशी होती, मंजुळाबाई उशाशी.

"माय," तो म्हणाला, "तू हाक मारली म्हून मी वळलो. आजबी मारली तं आजबी वळीन. त्या डोळ्यानं शेवटी तुलेच पाह्यलं. दुसरं काही पाह्याचं राह्यलं नाही त्याचं."

सोजराबाईनं डोळे उघडले. ते त्याच्यावर आले, थांबले, आणि त्याच्या खांद्यावरून मागे, दाराकडे गेले. दारात कुणी नव्हतं. सकाळचं ऊन होतं. पण ती तिथं कुणाकडे तरी बघत होती, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं. न्यायला येणारा चार वेळा याच दारातून आला होता.

"हे पोर माहं नोहे," ती दाराला म्हणाली. इतक्या वर्षांनंतरचा तो आवाज स्वच्छ होता, भाव करताना असतो तसा. "रुखमीचं हाय. सूपभर कोंड्याले इकलं म्या. माहं अथी कोणीच नाही. चाल, मी येतो."

उकंडा बसल्या जागी थांबला. त्याच्या तोंडावर काही हललं नाही; ती त्याची जुनी विद्या होती, पण आज तिला जोर लागत होता, आणि आज पहिल्यांदा त्याला कळलं की आजवर तो कधी लागलाच नव्हता. ती पुन्हा म्हणाली, रुखमीचं हाय. श्वास अडखळत होता. तिची नजर दारावरून हलत नव्हती, आणि बोटं खाटेच्या कडेवर त्याच्या बाहीपाशी होती. ती बाही पकडत नव्हती, ढकलत होती.

तो उठला. रुखमाबाईचा हात धरला.

"चाल माय," तो रुखमाबाईला म्हणाला, दारापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "आपल्या घरी जाऊ. लोकाच्या घरात काय बसून राह्यली?"

रुखमाबाईचं तोंड उघडंच राहिलं. मग तिला समजलं. ती काठी टेकत उठली आणि त्याच्याबरोबर चालू लागली. माजघर, ओसरी, अंगण. मागून काही हाक आली नाही. आली असती तरी तो वळला नसता, आणि येत नव्हती म्हणून वळावंसं वाटत होतं. मान धरून ठेवावी लागली. कुंपणाची झापडी ओलांडून तो रुखमाबाईच्या अंगणात गेला आणि आपल्या घराकडे पाठ करून बसला. मंजुळाबाई आत सासूपाशी होती. ती पुढे म्हणायची की ते दोघं बाहेर पडताना सासूबाईंचे डोळे त्यांच्या मागं मागं कुंपणापर्यंत गेले, मग त्यांनी ते मिटले, आणि हात छातीवर ठेवले, रोपं लावून झाल्यावर मांडीवर ठेवायच्या तसे.

दुपारी मंजुळाबाईचं रडणं ऐकू आलं तेव्हा तो उठला.

आळीतली माणसं जमली. तिरडीचे बांबू आले. आग्टी, तिरडीपुढचं विस्तवाचं मडकं, कोणी धरायची हे कुणी विचारलं नाही. तो एकटाच मुलगा होता आणि विक्रीबिक्री हे सगळं बायकांचं, जुनं, कुणाच्या ध्यानातही नव्हतं. उकंडा मात्र घराच्या मागच्या खोलीत गेला. तिथं कोंड्याचं पोतं होतं. त्यानं खुंटीवरचं सूप काढलं, कोंड्यानं भरलं, शीग लागेपर्यंत भरलं, आणि जमलेल्या माणसांमधून चालत कुंपणापलीकडे गेला.

रुखमाबाई दारात बसली होती. त्यानं सूप तिच्या पुढ्यात ठेवलं.

"हे काय रे?"

"मोजून घे," तो म्हणाला. "मले सोड. मले माह्या मायले पोचवाचं हाय."

रुखमाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. तिला सांगायचं होतं की असं करू नको, तिनं एवढं केलं ते कशापायी. आता तो मोकळा होईल, ज्याच्यापासून लपवला त्याला उघडा पडेल. हे सगळं तिच्या तोंडावर आलं होतं. तिनं सुपात हात घातला, मूठभर कोंडा उचलला, परत आत सोडला.

"भरला," ती म्हणाली. "जाय. तिचा हाय तू."

नदीकाठी त्यानं अग्नी दिला. ज्वाळा वर चढली तेव्हा लोक दोन पावलं मागे सरले. तो सरला नाही. गावातल्या कुणी उकंडाला कधी रडताना पाहिलं नव्हतं, लहानपणीही नाही. त्यांना आधी कळलंच नाही की तो आवाज कुणाचा आहे. त्याचं तोंड वेडंवाकडं झालं होतं, हात दोन्ही बाजूंना खाली सुटलेले होते, आणि उजव्या, मेलेल्या डोळ्यातूनही पाणी येत होतं. कुणीतरी त्याला धरायला पुढे झालं. कारभारी म्हणून रुखमाबाईचा थोरला मुलगा होता, त्यानं त्या माणसाला थांबवलं. राहू दे, म्हणाला.

रुखमाबाई दारातच बसून होती. तिच्या घरी आता म्हैस नव्हती. दोन वर्षांपूर्वीच विकली होती. कोंड्याचं काय करावं हे तिला सुचेना. ती सूप मांडीवर घेऊन बसली, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर पदर धरून, आणि नदीकडचा धूर बघत राहिली.